देवीला विचारायचं ठरलं

माझं माहेर निपाणीचं. वडील वकील, घर भर पेठेत. आमच्याकडेही देव होते, पण कचेरीतल्या साहेबासारखे. सकाळी त्यांच्यापुढे उभं राहायचं, नमस्कार करायचा, आणि मग दिवसभर त्यांनी आमच्या आणि आम्ही त्यांच्या वाटेला जायचं नाही. लग्न होऊन बेळगावच्या उत्तरेला, कंग्राळीच्या पलीकडच्या एका गावात आले, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की काही घरांत देव मुक्कामाला असतो. आमच्या घरात तर तो सासूबाईंच्या अंगातच यायचा.

सासूला इकडे आत्ती म्हणतात. आमच्या आत्ती एरवी चारचौघींसारख्याच. धुतलेलं भांडं परत धुवायला लावणाऱ्या, चहात साखर जास्त घालणाऱ्या, मालिकेतल्या खाष्ट सासूला मोठ्यानं शिव्या देणाऱ्या. पण नवरात्रात, आणि मधूनच एखाद्या मंगळवारी, त्यांच्या अंगात महालक्ष्मी यायची. केस सुटायचे, पायांची बोटं आत वळायची, आणि गळ्यातून एक जाड आवाज निघायचा. तो आवाज त्यांचा नव्हता. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शहरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले होते. मनाचे आजार, दाबून ठेवलेल्या बायका, असं जे काही वाचलं होतं ते सगळं आठवत मी आरतीचं ताट धरून उभी होते. ताट थरथरत होतं. ताट माझ्या हातात होतं, त्यामुळे थरथरत कोण होतं हे वेगळं सांगायला नको.

गाव त्या आवाजाला मानायचं, आणि त्याला कारण होतं. एका नवरात्रात देवीनं भरल्या घरात माझ्या सासऱ्यांकडे बोट करून सांगितलं, की ह्याची भाकरी सरत आली. सासरे तेव्हा खोकत होतेच, डॉक्टरांनी एक्स-रे काढलेला होता; मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण आत्तींना आम्ही त्यातलं काही कळू दिलं नव्हतं. भानावर आल्यावर त्यांनी घाम पुसत विचारलं, "काय बोलली गं?" शेजारच्या काकींनी त्यांना आत नेऊन सांगितलं. सासरे संक्रांतीच्या आत गेले. तेव्हापासून गावात एक गोष्ट पक्की झाली: ही देवी घरच्यांनाही सोडत नाही, म्हणजे ती खरी.

काकी म्हणजे आत्तींच्या धाकट्या जाऊबाई. वाटण्या झाल्या तेव्हा एका घराची दोन घरं करायला मधे एक विटेची भिंत घातली. ती इतकी पातळ, की इकडे शिंकलं की तिकडून "देव बरं करो" यावं. काका लवकर वारले. मुलगा एकच, आता तिशी ओलांडलेला, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला. त्याला लहानपणापासून फिट यायची. काकी त्याला घेऊन ज्योतिबाला गेल्या, सौंदत्तीला गेल्या, दर्ग्यात गेल्या, कुणी सांगेल तिथं गेल्या. मग त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकानं त्या दोघांना शहरातल्या प्रार्थनेला नेलं. त्याच सुमारास मी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. फिट कमी झाली. मी श्रेय गोळ्यांना दिलं, काकींनी येशूला दिलं, आणि आत्तींनी महालक्ष्मीला, कारण त्याही रोज तिच्यापुढे त्याच्यासाठी पदर पसरत होत्या. मुलगा तिघींनाही व्हय म्हणायचा.

एके दिवशी सकाळी काकी पदराखाली ताम्हन झाकून आमच्याकडे आल्या. ताम्हनात त्यांच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाक होते, वाटणीत त्यांच्या वाट्याला आलेले.

"आक्का, हे तुमच्यात असूंदेत. आमच्यात आता ह्येंची पूजा व्हायची न्हाय. नदीत सोडा म्हणून सांगितलंय प्रार्थनेच्या बायकांनी, पर मला धीर न्हाय झाला."

मी भाजी निवडायची थांबले. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. आत्तींनी ताम्हन दोन्ही हातांनी घेतलं, टाकांकडे बघितलं आणि विचारलं, "उपाशी न्हाईत न्हवं?"

"न्हाय. सकाळी दूध दाखवून आणल्यात."

आत्तींनी ते आपल्या देव्हाऱ्यात एका कडेला मांडले. मधे का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पावणे हाईत. पावण्यास्नी आल्या आल्या माजघरात न्हेत न्हाईत." पुढे किती वर्षं झाली, तरी त्या टाकांना त्या पावणेच म्हणायच्या, आणि नैवेद्य मात्र आधी पावण्यांना.

आमच्या शाळेत सर्वधर्मसमभावावर दरवर्षी निबंध असतो. देव एकच आहे, नावं वेगळी आहेत, नद्या वेगळ्या आणि समुद्र एक, असं लिहिलं की पैकीच्या पैकी मार्क. मीच देते. आत्तींना मी एकदा हे ऐकवलं, तर त्या हसल्या. "एकच कसा असंल गं? तुजा बा आनि माजा बा एक हाय काय? तिचा तो तिचा, माजी ती माजी. म्हणून तर बेतानं ऱ्हायाचं." हे उत्तर निबंधात कुणी लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते. पण दुसऱ्याच्या देवाला खरा मानून त्याच्यापासून चार हात अदबीनं राहणं, ह्यात जेवढा मान आहे तेवढा आमच्या नद्या-समुद्रात नाही, असं मला हल्ली वाटतं. काकींचंही तसंच. त्यांचे पास्टर सांगायचे की दुसरा देव नाहीच. काकी म्हणायच्या, "मी गप ऐकून घेते. ते आमच्या आक्काच्या घरात ऱ्हायल्यात कुटं?"

असं चाललं होतं, आणि मग गावात यात्रा ठरली.

महालक्ष्मीची यात्रा आमच्याकडे दरवर्षी होत नाही. मधे इतका काळ जातो की एका यात्रेत पाळण्यात असलेलं पोर पुढच्या यात्रेत रथ ओढतं. यात्रेआधी काही मंगळवार वार पाळायचे असतात. त्या दिवशी शेतात औत जात नाही. गिरणी बंद, दुकानं बंद. धुणं नाही, दळण-कांडण नाही, कढईत फोडणी पडत नाही. आदल्या दिवशीच्या भाकरी दह्याशी खायच्या आणि दिवस मावळेपर्यंत गप राहायचं. त्या दिवशी देवी शिवेवरून फिरत असते, आणि जिथून आवाज येईल तिकडं तिचं लक्ष जातं, असं मानतात.

पहिल्या मंगळवारी मला ती शांतता आवडली. मिक्सर नाही, कुकरची शिट्टी नाही, ट्रॅक्टरवरची गाणी नाहीत. दुसऱ्या मंगळवारी ती तितकीशी आवडली नाही. यात्रा कमिटीचे तरुण अनवाणी गल्लीगल्लीतून फिरत होते, न बोलता, प्रत्येक घराच्या धुराड्याकडे बघत. गावाच्या मोबाइल ग्रुपवर एका घराचा फोटो आला, वर नुसतं प्रश्नचिन्ह. ती अंघोळीच्या पाण्याची वाफ निघाली, पण तोवर त्या घरातला म्हातारा घाबरून कमिटीच्या पाया पडून आला होता. शांतता पाळण्याचं काम देवीनं सांगितलं असेल, पण कान लावून बसायचं काम ह्यांना कुणी सांगितलं, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "हळू बोल."

काकींच्या घरातूनही त्या दिवशी आवाज नसायचा. "माजा वार न्हाय," त्या म्हणायच्या, "पर शेजार तर माजा हाय." त्याही शिळी भाकरी खायच्या.

तिसऱ्या मंगळवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. पहाटे काकींच्या मुलाला खूप दिवसांनी फिट आली आणि त्याची जीभ दातांखाली सापडली. जीभ सुजली, भाकरी चावता येईना, आणि उपाशीपोटी गोळी देता येईना. काकींनी सूर्य उगवायच्या आत शिजवून ठेवलेला भात होता, पण त्यातलं शीतही त्याला गिळवत नव्हतं. त्यांनी तो मिक्सरमध्ये घातला आणि क्षणभर फिरवला.

भिंतीतून तो आवाज आमच्या घरात आला. आत्ती वाती वळत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या भिंतीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "लेकराच्या पोटात कायतरी गेलं असंल." उठल्या, देव्हाऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, नमस्कार केला आणि परत वाती वळायला बसल्या.

पण गल्लीतूनही तो आवाज गेला होता. थोड्या वेळात कमिटीचे तरुण काकींच्या दारात उभे होते. त्यांनी विचारलं आणि काकींनी सांगून टाकलं, "व्हय, मीच फिरवला. त्याची जीभ चावलीया. पेज पाजली." आवाज आमच्या घरातला होता असं सांगायची माझी तयारी होती, मी चप्पल न घालता उंबऱ्यापर्यंत धावलेही होते. पण काकी खरं बोलतात, ही त्यांची खोड जुनीच. तरुणांपैकी एकानं दाराचा फोटो काढला.

त्याच आठवड्यात कमिटीच्या अध्यक्षांचा पुतण्या उसाच्या ट्रॉलीखाली सापडला आणि त्याचा पाय मोडला. वरच्या गल्लीत एक गाभण म्हैस मेली. गावानं यात्रेसाठी मारलेल्या बोअरला नुसती धूळ लागली. एरवी ह्या तिन्हींना तीन कारणं सापडली असती. पुतण्या कुठून पिऊन निघाला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हशीच्या गोठ्यात साप दिसला होता, आणि बोअर कुठं मारू नये हे भूजलवाल्यानं आधीच सांगितलं होतं. पण आता एकच कारण पुरत होतं. वार मोडला.

कुणी भांडायला आलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. काकी गिरणीत गेल्या तर गिरणीवाला म्हणाला की पट्टा तुटलाय. त्यांच्यामागून आलेल्या बाईचं दळण त्यानं घेतलं. डेअरीत त्यांचं दूध नासकं ठरलं. नळावर बायका त्यांच्या घागरीला घागर लागू देईनात. एका सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर हळदी-कुंकू लावलेला कोहळा होता, मधोमध चिरलेला. काकींनी तो उचलला आणि म्हशीपुढे टाकला. मी म्हटलं, तुम्हाला भ्या वाटत नाही? म्हणाल्या, "कोहळ्याचं कशाला वाटंल? ठेवणाऱ्याचं वाटतंय. गेल्या दिवाळीला त्यो माज्याकडनं करंज्या घेऊन गेलता."

नवरा म्हणाला, पोलिसात जाऊ. काकींनी हात जोडले. "नको रं बाबा. पोलिस येत्यात आनि जात्यात. मला हितंच ऱ्हायाचं हाय." त्यांचा मुलगा म्हणाला, शहरात खोली बघू. त्यावर त्या अंगणात जाऊन शेणी थापत बसल्या. त्या घरात त्या सोळाव्या वर्षी सून म्हणून आल्या होत्या, काका वारले तेव्हा त्यांना त्याच घराच्या सोप्यात ठेवलं होतं, आणि गावाबाहेर त्यांचं असं एक माणूस नव्हतं.

मग अध्यक्ष आमच्याकडे आले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, त्यामुळे मला मॅडम म्हणून, चहा घेऊन, अगदी रीतीनं बोलले. "आमचं वैयक्तिक काय म्हणणं न्हाय बगा मॅडम. ज्याचा त्याचा देव. पर यात्रा गावाची हाय. काय बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? आमी ठरवणारे कोण, तुमच्या काकी तरी ठरवणाऱ्या कोण. देवीलाच विचारूया."

म्हणजे शेवटच्या मंगळवारी, दिवस मावळताना, चव्हाट्यावर. आत्तींच्या अंगात देवी आली की तिला विचारायचं: वार मोडलेलं घर शिवेच्या आत ठेवायचं की बाहेर काढायचं. ती म्हणेल ते गाव करेल.

आत्तींना कुणी विचारलं नाही. पाणी भरताना घागरीला कोण विचारतं? त्या दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. अध्यक्ष निघताना त्यांच्या पाया पडले आणि त्यांनी आशीर्वाद दिला.

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी सुटल्यासारखं झालं. मी मनात म्हटलं, झालं, निकाल आपल्याच घरात आला. जाऊबाईचं सगळं ऐकून घेणारी, तिचे देव पाहुणे म्हणून सांभाळणारी ही बाई काकींना गावाबाहेर काढायला सांगेल थोडीच? विज्ञानाच्या बाईंचा हिशोब सरळ होता. तोंड आत्तींचं, म्हणजे बोलणंही आत्तींचं. संध्याकाळी त्या परसात अबोलीचा गजरा करत बसल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "आत्ती, तुम्ही काय बोलायचं ते ठरवलं असेलच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले होते. "मी कोण ठरवणार?"

"तसं नाही. पण बोलणार तर तुम्हीच."

"तोंड माजं. बोलणं तिचं." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, ती चुकली, परत मारली. "तुज्या मामाजींचं मी ठरवून बोललते व्हय गं? माज्या कुंकवाचं? मला म्हाईत असतं तर जीभ हासडली असती. ती कुणाची न्हवं. तिला वाईट वाटलं असंल तर ती माज्या जावंला बाहेर काड म्हणंल, आनि ते माज्या तोंडानं म्हणंल, आनि उद्या सकाळी मी ह्या भिंतीकडं बगत बसायचं."

मग मला भीती वाटली, खरीखुरी. इतकी वर्षं मी ह्या बाईला एक तर भोळी समजत होते किंवा आतून हुशार. दोन्ही नव्हतं. त्या अशा कुणाबरोबर राहत होत्या जी त्यांचं काही एक ऐकत नव्हती, आणि तरी त्या तिला रोज जेवू घालत होत्या.

"मग जाऊच नका," मी म्हटलं. "ताप आलाय म्हणून सांगते."

"देवीच्या वाराला खोटं?" एवढंच म्हणाल्या आणि गजरा टोपलीत ठेवला.

शेवटच्या मंगळवारी चव्हाट्यावर अख्खं गाव होतं. कामाला शहरात जाणारी, एरवी ह्यावर हसणारी माणसंही रजा टाकून आली होती. पश्चिमेला आभाळ पिवळं होतं आणि वारा अगदी पडला होता. आत्ती हिरवं लुगडं नेसून, न्हाऊन, मोकळ्या केसांनी चव्हाट्याच्या दगडापुढे उभ्या राहिल्या. काकीही आल्या होत्या. येऊ नका, असं आम्ही त्यांना सांगून पाहिलं होतं. त्या मुलाचा हात धरून कडेच्या लिंबाखाली उभ्या होत्या, आणि त्यांच्याभोवती बरीच मोकळी जागा होती. मी माझ्या लहान मुलीला नवऱ्याकडे देऊन त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले.

हलगी वाजायला लागली. भंडारा उधळला. अध्यक्षांनी ऊद घातला आणि मोठ्यानं विचारलं, "आई, वार मोडलाय. घर आत ठेवायचं का बाहेर काडायचं?"

आत्तींचे खांदे हलायला लागले. पायांची बोटं आत वळली. मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की पुढं काय होणार ते मला पाठ होतं: मान मागं जाते, घशात घरघर सुरू होते, मग तो आवाज येतो. मान मागं गेली. घरघर सुरू झाली. काकींनी डोळे मिटले. हलगीवाल्यानं ठेका वाढवला आणि अध्यक्षांनी परत विचारलं, अधिक मोठ्यानं.

आत्तींनी दगडाला मिठी घातली. दात आवळले. गळ्याच्या शिरा वर आल्या, चेहरा काळानिळा झाला, आणि आतून काहीतरी धडका देत असावं तसं त्यांचं सगळं अंग दगडावर आपटत होतं. तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्या ओठातून रक्त आलं, हनुवटीवरून भंडाऱ्यात ओघळलं. हे असं ह्याआधी कधीच झालं नव्हतं. बायका कुजबुजायला लागल्या. मग एकदम सगळं थांबलं. आत्ती दगडाला धरून सरळ उभ्या राहिल्या, पदरानं ओठ पुसला, आणि त्यांच्या स्वतःच्या, चहात साखर घालू का म्हणून विचारणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "न्हाय आली. घरला जावा."

हलगी थांबली. अध्यक्ष म्हणाले, "मग आमी काय समजायचं?" पुजाऱ्याच्या घरातला म्हातारा काठी टेकत पुढे आला. "बोलवून, विचारूनबी ती आली न्हाय," तो म्हणाला. "म्हंजे तिची तक्रार न्हाय. तिचीच न्हाय तर आपली कशाची?" त्याच्यापुढे बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. लोक पांगले. जाताना ते काकींकडे बघत नव्हते, आत्तींकडे बघत होते, आणि ते बघणं मला आवडलं नाही.

काकींचं घर राहिलं. गिरणीचा पट्टा दुरुस्त झाला. यात्रा झाली, रथ आमच्या दारावरून गेला. सगळ्या सुना-लेकी ओटी भरायला पुढं झाल्या. आत्ती दाराच्या आत उभ्या होत्या, चौकटीला धरून. मी म्हटलं, चला की. त्यांनी मान हलवली. रथ समोर आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

त्या वर्षी नवरात्रात त्यांच्या अंगात देवी आली नाही. गावातल्या बायका येऊन बसल्या, वाट बघून गेल्या. घटापुढे आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी मोकळेपणानं म्हटलं, "बरं झालं आत्ती. वय झालं आता, अंगाला सोसवत नाही."

त्या वातीची काजळी झाडत होत्या. "त्या दिशी आलती," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"चव्हाट्यावर. आलती ती. पार हितवर." त्यांनी गळ्याला हात लावला. "मी तोंड उगडलं न्हाय. दात खाऊन धरली. सोड म्हणाली, न्हाय सोडली. मग गेली."

"काय बोलणार होती?"

"म्हाईत न्हाय."

"म्हणजे कदाचित काकींना राहू दे, असंच म्हणाली असती."

"आसंल बी. न्हाय बी." त्यांनी वात पुढे सारली. "उगडून बगायचा धीर न्हाय झाला मला. आयुष्यभर घरात घेतली, आनि त्या दिशी दारातनं परत लावली. अख्ख्या गावात. आनि वर खोटं बोलले, न्हाय आली म्हणून. देवीच्या वाराला." मग माझ्याकडे बघून, "तुज्या काकीला सांगू नको. जन्मभर वज्जं हुईल तिला."

मी विज्ञान शिकवते. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, आणि ते बहुधा खरंही होतं. त्या वेळी त्यातलं एक वाक्यही मला त्यांच्यापुढे ठेवावंसं वाटलं नाही. मी नुसता त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.

काकींना मी सांगितलं नाही. पण त्या लिंबाखाली उभ्या होत्या आणि त्यांना डोळे आहेत. गेल्या महिन्यात माझ्या मुलीला ताप भरला, चांगला सणसणून. शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं, साथीचा आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. घरी आले तर आत्ती देव्हाऱ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसल्या होत्या, जेवल्या नव्हत्या. काकी त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या.

"आक्का," काकी म्हणत होत्या, "मी माज्या देवाला सांगते. लेकरासाठी सांगते, आनि तुमच्यासाठीबी सांगते."

"लेकरासाठी सांग," आत्ती म्हणाल्या. "माज्यासाठी नको. त्याला ह्यात घालू नको. त्यानं का म्हणून भांडण वडून घ्यावं? हे माजं आनि तिचं हाय."

काकींनी पदर तोंडाला लावला. मग आत जाऊन मुलीच्या उशाशी बसल्या, तिच्या कपाळावर हात ठेवून त्यांच्या पद्धतीनं पुटपुटत राहिल्या. मी वेळेवर गोळ्या दिल्या. दोन दिवसांत ताप उतरला, पोरगी उठून खाऊ मागायला लागली. मी आनंदानं परसात जाऊन आत्तींना सांगितलं, की बघा, गेला ताप, तुम्ही उगीच घाबरत होतात.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. सुटल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"ह्यो तिचा न्हवता," त्या म्हणाल्या. "ती आली की मला कळंल."